विमान हलत असताना क्रूने आपल्यासाठी जागेवरून उठावे का?

आबोली | २९ ऑगस्ट, रात्री ९:४०

चवथीची धांदल संपली. आमचा गणपती दीड दिवसाचा, काल संध्याकाळी विसर्जन झाले आणि घर एकदम रिकामे वाटायला लागले. गेले काही दिवस मनात घोळत असलेली गोष्ट आज लिहायला बसले आहे.

आई (वय ७४) आणि मी चवथीच्या तीन दिवस आधी मुंबईहून गोव्याला, मोपा विमानतळावर आलो. विमान गच्च भरलेले, सगळे गणपतीला घरी निघालेले. ढगांतून खाली यायला लागलो तशी आधी बारीक थरथर सुरू झाली आणि मग दोन-तीन असे गचके बसले की पोटात गोळाच आला. सीटचा पट्टा बांधण्याची खूण केव्हाचीच पेटली होती आणि क्रूसुद्धा आपापल्या जागी बसला होता. तेवढ्यात आमच्या दोन रांगा पुढचे एक साठीचे गृहस्थ उठले आणि वरचा कप्पा उघडून पिशवी चाचपायला लागले. आत काहीतरी सांडले असे त्यांना वाटले. मागून क्रूमधली एक मुलगी "बसा, बसा" म्हणून ओरडत होती, पण ते ऐकेनात. शेवटी ती पट्टा सोडून आली, त्यांना खांद्याला धरून बसवले आणि कप्पा लावला. परत वळताना पुढचा गचका बसला. तिचे पाय जमिनीवरून सुटलेले मी डोळ्यांनी पाहिले. कोपर सीटच्या हाताच्या दांड्यावर आपटले आणि ती वाटेतच खाली बसली. आईने तिचा दुसरा हात घट्ट धरला आणि विमान शांत होईपर्यंत सोडला नाही.

उतरताना ती दारात उभी होती. एक हात पोटाशी धरलेला, तरी प्रत्येकाला नमस्कार करत होती. तिचे वय तेवीस-चोवीसच्या वर नसेल.

तेव्हापासून आई डिसेंबरात बेंगळुरूला भावाकडे विमानाने जायला तयार नाही. मला मात्र त्या मुलीचे विसरता येत नाही. तिने उठायला हवे होते का? आणि असे घडते तेव्हा आपल्यासारख्यांनी काय करायचे? इथे विमान क्षेत्रातले कोणी असेल तर कृपया सांगा.

सोलकढी | २९ ऑगस्ट, रात्री १०:०५

तिच्या हाताचे पुढे काय झाले, कळले का?

आबोली | २९ ऑगस्ट, रात्री १०:११

नाही हो. विचारायला थांबले होते, पण मागून लोक ढकलत होते.

मांडवीकाठ | २९ ऑगस्ट, रात्री १०:३०

राग आला वाचून. चूक शंभर टक्के त्या गृहस्थांची. चाके जमिनीला टेकली न टेकली तोच पट्टे सोडल्याचा कटकट आवाज दर वेळी सगळ्या विमानभर ऐकू येतो. आपल्याकडे क्रूला वाढपी समजतात, तिथेच सगळे बिघडते. पाणी आणणारी मुलगी "बसा" म्हणाली तर ऐकायचे कशाला, हा भाव. विमानात दंगा करणाऱ्यांसाठी डीजीसीएचे (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारे सरकारी खाते) २०१७ पासून नियम आहेत. तोंडाने गैरवर्तन केले तर तीन महिन्यांपर्यंत, अंगावर गेले तर सहा महिन्यांपर्यंत आणि जिवावर बेतेल असे काही केले तर दोन वर्षे किंवा त्याहून जास्त प्रवासबंदी. पट्ट्याची खूण असताना उठणाऱ्यालाही त्यात ओढा, दोन महिन्यांत शिस्त लागेल.

रापणकार | २९ ऑगस्ट, रात्री ११:१५

मांडवीकाठ, रागाशी सहमत, उपायाशी नाही. मी बोटीवर आहे, वर्षातून चार वेळा तरी विमानात बसतो. कित्येकदा पट्ट्याची खूण तासभर पेटलेली असते आणि विमान तळ्यासारखे शांत. त्या तासाभरात क्रू चहा वाटत फिरतो, लोक संडासला जाऊन येतात. मग खऱ्या वेळी त्या खुणेला कोण भीक घालणार? आमच्याकडे धोक्याची घंटा उगाच वाजवली तर कप्तान फाडून खातो, कारण तिसऱ्या वेळी कोणी धावत नाही.

बोटीवर पहिल्या आठवड्यात सारंग (खलाशांचा मुकादम) शिकवतो की लाटा असोत-नसोत, एक हात कायम कठड्याला. विमानात तसे काहीच शिकवत नाहीत. पट्टा कसा लावायचा ते दाखवतात, का लावायचा ते सांगत नाहीत.

कुळागर | ३० ऑगस्ट, सकाळी ७:२०

मला वाटते आपण जरा जास्तच घाबरतो आहोत. चोर्ला घाटात बसचा कंडक्टर आयुष्यभर उभ्याने तिकिटे फाडतो. वळणावर कंबर बाकाला टेकवली की झाले. हवेत चार गचके बसणारच. आईंना म्हणावे कोकण रेल्वेने मडगावहून मुंबई गाठा, खिडकीत बसा, पाऊस बघा.

मांडवीकाठ | ३० ऑगस्ट, सकाळी ७:४१

आई बेंगळुरूला जाणार आहेत हो, मुंबईला नाही!

कुळागर | ३० ऑगस्ट, सकाळी ७:४४

मग वास्कोहून दूधसागरच्या वाटेने जायचे. ती गाडी तर आणखी सुंदर.

सुरंगी | ३० ऑगस्ट, सकाळी ११:०२

आबोलीताई, मी अकरा वर्षे केबिन क्रूमध्ये होते. आता सांखळीला घरीच असते. धागा कालच वाचला, पण नीट लिहायचे म्हणून सकाळपर्यंत थांबले.

तिने उठायला नको होते. आमच्या प्रशिक्षणात हे अगदी पहिल्या दिवसापासून सांगतात. क्रू जखमी झाला तर तेवढा क्रू कमी. १८६ जागांच्या विमानात क्रू चार जणांचा असतो, कारण दर पन्नास जागांमागे एक हा नियम. प्रत्येकीकडे दार असते. दार उघडणे, घसरगुंडी फुगली का बघणे, लोकांना ढकलून बाहेर काढणे, हे सगळे हातांचे काम आहे. कोपर निकामी झालेली मुलगी उतरताना आपल्या दारापाशी असते तेव्हा त्या दाराने बाहेर पडणाऱ्या पन्नास माणसांचा धोका वाढतो. म्हणून विमान जोरात हलत असताना कोणी उठलाच तर बसल्या जागेवरून, शेजारच्या फोनवरून घोषणा करायची. दहा वेळा करायची, आवाज चढवून करायची, पण पट्टा सोडायचा नाही. आमच्या त्या घडीच्या सीटला दोन्ही खांद्यांवरून येणारे पट्टे असतात ते उगाच नाही.

आता खरे सांगते. साठीचा माणूस, वर उघडा कप्पा, खाली मान घालून बसलेली बाई, बॅग कधीही तिच्या डोक्यात पडेल. असे दिसत असताना बसून राहणे फार कठीण जाते. मी दोनदा उठले आहे. दुसऱ्या वेळेला घोटा मोडला.

तो प्रसंग सांगते. आखातातून येणारी रात्रीची फेरी, जेवणाची ट्रॉली अर्धी वाटून झालेली. कॅप्टनचा आवाज आला, "केबिन क्रू, ताबडतोब बसा". हे शब्द ऐकले की ट्रॉली मागे नेत बसायचे नसते. ट्रॉलीला खाली लाल आणि हिरवे पायपट्टे असतात, लालवर पाय दिला की चाके धरतात. गरम पाण्याची किटली जमिनीवर किंवा ट्रॉलीच्या आत. मग सर्वांत जवळची रिकामी सीट, ती नसेल तर सरळ जमिनीवर बसायचे आणि सीटचा पाया धरायचा. मी लाल पट्टा दाबला, किटली खाली ठेवली आणि समोर एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन उभी दिसली. तिला बसवायला दोन पावले पुढे गेले, तेवढ्यात विमान खाली गेले. मी छताला लागले नाही, पण परत येताना पाय वाकडा पडला. शेजारच्या रांगेतल्या एका वास्कोच्या माणसाने माझा कमरेचा पट्टा धरून मला ओढून आपल्या पायांपाशी बसवले आणि पुढचा हिसका बसला तेव्हा दोन्ही हातांनी दाबून धरले. त्याचे नाव मला माहीत नाही. आजही चतुर्थीला दिवा लावताना त्याची आठवण होते.

म्हणून तुमच्या आईंनी केले ते किती मोठे काम होते ते त्यांना सांगा. धरून ठेवणे हाच उपाय असतो. क्रूची मुलगी वाटेत अडकली आणि शेजारी जागा रिकामी असेल तर तिला हाताने ओढून बसवा. जागा नसेल तर खांदा, हात, कंबर, जे हाती लागेल ते धरा. संकोच करू नका, आम्ही रागावत नाही.

अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाचे आकडे प्रशिक्षणात काम करणारी मैत्रीण दाखवते. २००९ ते २०२२ या काळात तिथल्या विमान कंपन्यांत टर्ब्युलन्समुळे, म्हणजे हवेतल्या खळबळीमुळे, १६३ जण गंभीर जखमी झाले, त्यांतले १२९ क्रूचे आणि ३४ प्रवासी. विमानात माणसे असतात प्रवाशांचीच जास्त, पण हाडे मोडतात ती उभ्या असलेल्यांची.

सोलकढी | ३० ऑगस्ट, सकाळी ११:२०

सुरंगी, वाचून डोळ्यांत पाणी आले. त्या वास्कोच्या बाबाचे देव भले करो.

कुळागर | ३० ऑगस्ट, दुपारी १२:०६

सुरंगीताई, कंडक्टरची तुलना मागे घेतो. बस वळते तेव्हा माणूस बाजूला कलतो, धरायला बाक असतो. खालची जमीनच निघून जाते हे मी विचारात घेतले नव्हते.

पाना_पक्कड | ३० ऑगस्ट, दुपारी १:३०

मी वास्कोचा, विमानाच्या देखभालीत काम करतो. आबोलीताई, आईंची भीती कमी व्हावी म्हणून यंत्राच्या बाजूचे सांगतो.

प्रवासी विमानाचा सांगाडा त्याच्यावर प्रत्यक्षात जो मोठ्यात मोठा भार येऊ शकतो तो धरून बनवतात. तो साधारण गुरुत्वाकर्षणाच्या अडीचपट असतो. मग त्याच्याही दीडपट भार टाकला तरी पंख किमान तीन सेकंद टिकला पाहिजे, तेव्हाच मंजुरी. पंख वाकताना खिडकीतून दिसतो तेव्हा लोक घाबरतात. वाकायलाच केलेला असतो तो. वाकतो म्हणून आतल्या माणसाला कमी हिसका लागतो. माडाचे झाड वादळात झुकते म्हणून उभे राहते, तसे. तुमच्या खालची सीटसुद्धा गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट धक्क्याला तपासलेली असते.

पुढे वाट खडबडीत आहे असे कळले की पायलट वेग ठरावीक आकड्यावर आणतात. एअरबसच्या ए-३२० विमानाला वीस हजार फुटांखाली तो २५० नॉट (ताशी सागरी मैल) असतो. फार वेगात गेले तर धक्क्याने सांगाड्यावर ताण येतो, फार हळू गेले तर पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटण्याची भीती. जोरदार टर्ब्युलन्स लागला की कॅप्टन तो विमानाच्या नोंदवहीत लिहितो आणि खाली उतरल्यावर आम्ही ठरलेली तपासणी करतो. ती होईपर्यंत विमान पुढच्या फेरीला जात नाही. रात्री दोन वाजता पावसात टॉर्च घेऊन पंखाखाली उभे राहिलो आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

विमान तुटायची भीती आईंनी मनातून काढून टाकावी. पट्ट्याची काळजी मात्र करावी.

रापणकार | ३० ऑगस्ट, दुपारी २:१०

माझा प्रश्न तसाच आहे. खूण तासभर का पेटवून ठेवतात?

पावसाचा_हिशोब | ३० ऑगस्ट, संध्याकाळी ६:४५

रापणकार, त्यामागे हवामानाचे कारण आहे. माझा तो अभ्यासाचा विषय आहे म्हणून जरा लांब लिहितो.

विमानाच्या नाकातला रडार पाण्याचे थेंब बघतो. ढगात पाऊस असेल तर पडद्यावर हिरवा, पिवळा, लाल रंग येतो आणि पायलट वळसा घालतात. मोठ्या गडगडाटी ढगापासून वीस सागरी मैल, म्हणजे सदतीस किलोमीटरभर दूर राहावे असा संकेत आहे. पण निरभ्र आकाशात वेगवान वाऱ्याचे दोन थर एकमेकांवर घासतात तिथेही खळबळ असते. तिथे थेंब नाहीत, म्हणून रडारला काही दिसत नाही. पायलटला पुढे गेलेल्या विमानाने सांगितले तर कळते, नाहीतर अंदाजाच्या नकाशावरून. मग "कदाचित" साठी खूण पेटवून ठेवावी लागते. तुमच्या बोटीला लाट येताना दिसते, त्यांना दिसत नाही.

आपल्याकडचे सांगायचे तर, पावसाळ्यात नैऋत्येचा वारा समुद्रावरून जोरात येतो आणि किनाऱ्याचे कडे, मग मोपासारखी पठारे, मग सह्याद्री अशा पायऱ्या चढतो. त्या चढाईत तो फुटतो. त्यात ढगांचे थर. आबोलीताईंना जे लागले ते बहुधा हेच. त्रासाचे असते पण बहुतेक वेळा फार मोठे नसते. खरी काळजी मे महिन्यात आणि ऑक्टोबरात दुपारनंतर. घाटावर ढग चढतात आणि संध्याकाळी आपल्याकडे सरकतात, विजांसकट. सत्तरी-सांग्याच्या लोकांना हा घाटावरून येणारा पाऊस चांगला माहीत आहे. तेव्हा जमले तर सकाळचे विमान घ्यावे. जमीन तापलेली नसते, हवा बसलेली असते.

आणि "हवेचा खड्डा" असे काही नसते बरं का. हवा सगळीकडे असते. कुठे वर जाते, कुठे खाली येते.

मांडवीकाठ | ३० ऑगस्ट, संध्याकाळी ७:१५

मग सिंगापूरच्या विमानाचे काय? ते तर हजारो फूट पडले ना?

पावसाचा_हिशोब | ३० ऑगस्ट, रात्री ८:००

नाही. सुरुवातीला बातम्यांत तसे आले, कारण पुढे बँकॉकला वळवताना विमान ठरवून खाली आणले ते लोकांनी त्यात मिसळले. २१ मे २०२४, लंडनहून सिंगापूरला जाणारे सिंगापूर एअरलाइन्सचे बोइंग ७७७, म्यानमारवर सदतीस हजार फुटांवर. सिंगापूरच्या तपास यंत्रणेने नोंदयंत्रातला जो तपशील दिला तो असा: सगळा खेळ ४.६ सेकंदांचा. उंची कमी झाली १७८ फूट, म्हणजे चौपन्न मीटर. पण त्यात बल आधी उलटे झाले, गुरुत्वाकर्षणाच्या उणे दीडपटीपर्यंत गेले. ज्यांचा पट्टा नव्हता ते छताकडे उडाले. चार सेकंदांनी बल परत अधिक दीड झाले आणि ते सगळे खाली आदळले. विमानात २११ प्रवासी आणि १८ क्रू होते. ७३ वर्षांचे एक ब्रिटिश गृहस्थ गेले, बहुधा हृदयविकाराने. अनेकांना मणक्याच्या आणि डोक्याच्या इजा झाल्या.

पट्ट्याची खूण पेटली ती या उलट्या हिसक्याच्या जेमतेम आठ सेकंद आधी. आठ सेकंदांत झोपलेला माणूस जागा होऊन पट्टा शोधेल का, विचार करा.

रापणकार | ३० ऑगस्ट, रात्री ८:२५

पटले. म्हणजे खूण बघून पट्टा लावायचा नाही, लावूनच ठेवायचा. बोटीवरचा कठडा झाला हा. हे विमानात असे सोप्या शब्दांत सांगायला हवे.

सुरंगी | ३० ऑगस्ट, रात्री ९:१०

सांगतात, रापणकारबाब. "बसलेले असताना पट्टा बांधून ठेवा" ही ओळ प्रत्येक घोषणेत असते. तेव्हा लोक फोनवर घरी "निघालो, भात लाव" सांगत असतात.

त्या घटनेनंतर सिंगापूर एअरलाइन्सने खूण पेटलेली असताना गरम पेये आणि जेवण देणे थांबवले. कोरियन एअरने १५ ऑगस्ट २०२४ पासून साध्या वर्गात कप नूडल्स बंद केले, कारण उकळते पाणी मांडीवर सांडते आणि तिथे माणसे दाटीने बसलेली असतात. तुम्हाला चहा नाकारला जातो तेव्हा तो असा विचार करून नाकारलेला असतो. मुंबई–गोवा फेरीत तर वर स्थिर उडण्याचा वेळच थोडा. एका गृहस्थांनी चहा मिळाला नाही म्हणून माझी तक्रार लिहिली होती. त्या दिवशी किटली उचलली असती तर त्यांच्याच मांडीवर गेली असती.

माटोळी | ३१ ऑगस्ट, सकाळी ९:३०

तान्ह्या बाळांबद्दल कोणी सांगेल का? आम्ही नोव्हेंबरात मस्कतहून येतो आहोत, मुलगी आठ महिन्यांची. माझी सासू म्हणते बाळाला आपल्याच पट्ट्यात घट्ट धरायचे.

सुरंगी | ३१ ऑगस्ट, सकाळी १०:१५

माटोळी, ते कधीही करू नका. तुमच्या पट्ट्याच्या आत बाळ ठेवले तर धक्क्याला तुमचे सगळे वजन बाळाच्या पोटावर येते. क्रूकडे बाळासाठी वेगळा छोटा पट्टा असतो, त्याचा फास तुमच्या पट्ट्यात ओवायचा. चढल्याबरोबर मागून घ्या. परवडत असेल आणि विमान कंपनी मान्यता देत असेल तर बाळासाठी वेगळी जागा आणि मोटारीतली मंजूर सीट हे सर्वांत सुरक्षित. तिकीट काढतानाच विचारा.

आणि मोठ्यांचे: पट्टा पोटावर नाही, खाली, कमरेच्या हाडांवर. गरोदर असाल तर पोटाच्या खालून. झोपताना पांघरुणाच्या वरून बांधा म्हणजे आम्हाला दिसतो आणि तुम्हाला उठवावे लागत नाही.

माटोळी | ३१ ऑगस्ट, सकाळी १०:२२

खूप खूप आभार! सासूबाईंना वाचून दाखवते आत्ताच.

नाचणीची_भाकरी | ३१ ऑगस्ट, दुपारी ४:००

मी उशिरा आले. सुरंगीताईंनी दारांचे सांगितले त्यावरून गोव्याच्या दाबोळी विमानतळावरची गोष्ट आठवली. २७ डिसेंबर २०१६, पहाटे मुंबईला निघालेले जेट एअरवेजचे बोइंग उड्डाणाच्या वेळी धावपट्टीवरून बाजूला गेले. दीडशेच्या वर प्रवासी होते, सगळे वाचले. पण बाहेर पडताना काही जणांना लागले. तेव्हा आमच्या वाड्यावरचे लोक तेच बोलत होते, विमानाने नाही, घाईने लागले म्हणून.

याच्या उलट टोकियोचे. २ जानेवारी २०२४ ला हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानाला धडकले आणि पेटले. आत ३७९ माणसे. पूर्ण विमान जळून खाक झाले, पण ते सगळे ३७९ बाहेर पडले. (दुसऱ्या विमानातले पाच जण मात्र वाचले नाहीत.) प्रवाशांनी सामान मागे सोडले आणि क्रूचे ऐकले. आपण आपली खाज्याची पिशवी तरी सोडू का?

मांडवीकाठ | ३१ ऑगस्ट, दुपारी ४:३०

म्हणूनच तर मी म्हणतो शिस्त लावा.

पाना_पक्कड | ३१ ऑगस्ट, संध्याकाळी ५:१०

मांडवीकाठ, हानेदाला दंडाच्या भीतीने कोणी बॅग सोडली नाही. नव्या विमानाला मंजुरी देताना निम्मी दारे बंद ठेवून सगळी माणसे ९० सेकंदांत बाहेर काढून दाखवावी लागतात. त्या चाचणीत कोणी बॅग काढत नाही. बॅग आली की गणित मोडते. हे कारण ज्याला एकदा समजले तो दंड नसला तरी सोडतो.

मांडवीकाठ | ३१ ऑगस्ट, संध्याकाळी ५:५०

बरे. समजावून सांगावे हे मान्य. तरी ज्याच्यामुळे मुलीचे कोपर दुखावले त्याला काहीच नाही, हे मनाला पटत नाही.

पावसाचा_हिशोब | ३१ ऑगस्ट, रात्री ९:००

कोणी विचारण्याआधीच सांगतो, "हल्ली जास्त हलते" हे निव्वळ वाटणे नाही. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तर अटलांटिकवरच्या एका सरासरी ठिकाणी निरभ्र हवेतली तीव्र खळबळ १९७९ साली वर्षाला १७.७ तास होती ती २०२० साली २७.४ तास झाली, म्हणजे ५५ टक्के वाढ. हवा तापते तसे वरच्या थरांतल्या वाऱ्यांच्या वेगातला फरक वाढतो, हे कारण. हा आकडा अटलांटिकचा आहे, आपल्या कोकणाला तसाच लावू नका. पण आखात-युरोप करणाऱ्या आपल्या मुलांच्या वाटेत तेच वरचे वारे येतात.

कुळागर | १ सप्टेंबर, सकाळी ६:५५

माझा पुतण्या दुबईच्या फेऱ्यांवर क्रूमध्ये आहे. काल त्याला हा धागा पाठवला. तो म्हणाला, "काका, लोक विचारतात जेवण काय आहे. अकरा महिन्यांत कोणी विचारले नाही की तू बसलास का." रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

आबोली | ३ सप्टेंबर, रात्री ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. पाना_पक्कड यांचे माडाचे वाक्य आईने दोनदा वाचायला लावले.

कंपनीला पत्र लिहिले, तारीख, फेरी आणि सीट क्रमांकासह. तक्रार म्हणून लिहिले नाही. त्या मुलीने काय केले ते लिहिले, तिच्या हाताची विचारपूस केली, आणि तिला उठावे लागले ते तिच्या चुकीने नाही, आम्ही प्रवासी ऐकत नव्हतो म्हणून, हे स्पष्ट लिहिले. तिने नियम मोडला म्हणून तिच्यावरच ठपका येऊ नये याची मला काळजी वाटत होती. सुरंगी, हे बरोबर केले ना?

सुरंगी | ३ सप्टेंबर, रात्री ९:०५

अगदी बरोबर केलेत. क्रूला लागले की त्याचा अहवाल जातोच, तिने स्वतःही लिहिला असेल. पण बघणाऱ्या प्रवाशाचे पत्र सोबत असले की चित्र पूर्ण होते. अकरा वर्षांत मला अशी तीन पत्रे आली. तिन्ही अजून कपाटात आहेत.

आबोली | ९ सप्टेंबर, सायंकाळी ७:१५

आज उत्तर आले. हाड मोडलेले नाही, मुका मार होता, ती आठवडाभर रजेवर होती आणि आता कामावर परतली आहे. पत्र तिला दिले आहे.

आईला सांगितले. तिने ऐकून घेतले, देवासमोर जाऊन आली आणि मग म्हणाली, डिसेंबरचे तिकीट बघ. सकाळचे काढले आहे, पंखाजवळची जागा. खिडकी नको म्हणते. वाटेच्या कडेची हवी, म्हणजे कोणी वाटेत अडकले तर तिचा हात पोचेल.